गच्चीवरचे मंगरुळे सर

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मान वर करून. एम.ए. झालं होतं, पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत होते. कुणीतरी सांगितलं, ‘मंगरुळे सरांकडे जा, पण जपून, प्रश्न फार विचारतात.’ विचारत विचारत सोलापूरच्या जुन्या भागातल्या त्या बोळात पोचले. अंगावर इस्त्रीची साडी, हातात फाइल. समोर दोन खोल्यांचं बैठं घर आणि त्यावर गच्ची. गच्चीवर लुंगी-बनियनमधले एक गृहस्थ काठीला चिंधी बांधून ती आभाळाकडे फिरवत होते आणि मधूनच तोंडात दोन बोटं घालून सणसणीत शिट्टी मारत होते.

मी खालून ओरडले, “ओ काका, मंगरुळे सर आहेत का घरात?”

“घरात नाहीत,” वरून उत्तर आलं.

“कधी येतील?”

“ही खाली उतरली की येतील.”

‘ही’ म्हणजे कोण ते मला कळेना. मी पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने निर्मलाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि हसून म्हणाल्या, “अगं, वर आहेत तेच ते. आणि ‘ही’ म्हणजे मी नव्हे हो, कबुतरं!” मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढा मोठा इतिहासकार, आणि मी त्यांना ‘ओ काका’ म्हणून हाक मारली होती! सर उतरले, हातपाय धुतले, सदरा चढवला, माझं नाव विचारलं आणि समोर बसून म्हणाले, “हं, बोला सुनंदाबाई.” विद्यार्थिनी वयाने लेकीएवढी असली तरी सर तिला ‘अहो’च म्हणतात, हेही मला त्याच दिवशी कळलं.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनाविषयी लिहायला मोठमोठी माणसं आहेत. त्यांचं शिलालेखांचं वाचन, गावोगाव फिरून जमवलेली कागदपत्रं, वादविवादात कधीही न चढलेला आवाज, हे सारं त्यांनी लिहावं. संपादकांनी माझ्याकडे सोपवलं आहे ते अभ्यासाबाहेरचे सर. म्हणजे गच्ची, स्वयंपाकघर आणि पाखरं. खरं सांगू का, या वाटणीत माझंच फावलं आहे.

कबुतरांचा नाद सरांना शाळकरी वयापासून. गच्चीवर त्यांची ढाबळ होती, फळ्यांची आणि जाळीची, सरांनी स्वतःच्या हाताने ठोकलेली. खिळे वाकडे, फळ्या तिरक्या, पण आत स्वच्छता अशी की काकू म्हणायच्या, “इतकी झाडलोट खाली केली असती तर मला बाई लावावी लागली नसती.” सकाळी कॉलेजला जाण्याआधी दाणापाणी आणि संध्याकाळी उड्डाण, हा क्रम कधी चुकला नाही. पुढे मी त्यांच्याच विभागात शिकवू लागले. विभागाची बैठक लांबली की सर घड्याळाकडे न बघता खिडकीतून उन्हाकडे बघायचे. आम्ही समजून जायचो आणि कुणीतरी मुद्दाम म्हणायचं, “उरलेले विषय उद्या घेऊ या का सर?” सर मोठ्या गांभीर्याने “सभेची इच्छा असेल तर” म्हणायचे आणि पुढच्या क्षणाला त्यांची सायकल फाटकाबाहेर!

सरांचं घराणं अक्कलकोटकडचं, त्यामुळे घरात कन्नड. पण आईवडील गेल्यावर त्यांच्याशी कन्नड बोलणारं घरात कुणी उरलं नव्हतं. काकू पुण्याच्या. मग सर ते कन्नड पाखरांशी बोलायचे. “बा, बा,” म्हणजे ये, ये. एखादं पाखरू उशिरा उतरलं की त्याला कन्नडमधून जे बोल ऐकावे लागायचे, ते ऐकून शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या आजी पदर तोंडाला लावून हसायच्या. आम्हा विद्यार्थ्यांवर सरांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. आमच्या वाटणीचा सगळा राग ती पाखरं खात असावीत.

कबुतरबाजांचे आपले कायदे असतात. दुसऱ्याचं पाखरू तुमच्या गच्चीवर उतरलं आणि तुम्ही धरलं, तर ते तुमचं. ज्याचं गेलं त्याने मागायचं नाही, ज्याने धरलं त्याने परत द्यायचं नाही. एकदा पलीकडच्या गल्लीतल्या बाबूभाईंचं एक देखणं पाखरू सरांच्या थव्याबरोबर खाली उतरलं. सरांनी ते धरलं आणि त्यांचा प्राध्यापकी विवेक जागा झाला. पिशवीत घालून, वर रुमाल झाकून ते बाबूभाईंच्या दारात गेले. बाबूभाई तेव्हा त्यांना चेहऱ्यानेही ओळखत नव्हते. पाखरू बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “भीक देते क्या साब? हम मांगे क्या तुमकू?”

सरांनी आयुष्यात इतका अपमान कुणाचा केला नव्हता, आणि तोही चांगलं करायला जाऊन. त्यांनी माफी मागितली आणि पाखरू परत घरी आणलं! मग पुढचे काही दिवस रोज संध्याकाळी बाबूभाई आपला थवा सरांच्या गच्चीवरून फिरवत राहिले, आणि एक दिवस ते पाखरू आपण होऊन त्या थव्यात मिसळून निघून गेलं. त्याच संध्याकाळी बाबूभाई मिठाईचा पुडा घेऊन सरांच्या दारात हजर. “अब जीत के लिया ना जी, अब खाओ.” तेव्हापासून जडलेली मैत्री आजतागायत आहे. या दोघांना बोलताना ऐकणं ही चैन आहे. बाबूभाई त्यांच्या दखनीत, सर मराठीत, आणि विषय एकच.

मी एकदा सरांना म्हटलं, “सर, सोलापुरातल्या कबुतरबाजीचा इतिहास तुम्हीच लिहायला हवा. तुमच्याइतकी माहिती कुणाला आहे?” सरांनी हात जोडले. म्हणाले, “नको हो. आयुष्यात एक तरी गोष्ट अशी असू द्या, जिला तळटीप द्यावी लागत नाही.”

दुसरा नाद शेंगाचटणीचा. सोलापुरात शेंगाचटणी कुठल्या घरात होत नाही? पण सरांच्या घरी ती सर करायचे, आणि मिक्सरला हात लावायचे नाहीत. रविवारी सकाळी उखळ बाहेर निघायचं. दाणे मंद आचेवर भाजायचे, लसूण नि तिखट घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं, आणि कुटता कुटता आमच्या प्रकरणांवर चर्चा. माझ्या प्रबंधाचा निम्मा भाग मी त्या उखळाशेजारी बसून वाचून दाखवला आहे. मुसळ थांबलं की समजायचं, विधान कच्चं आहे. काकूंचं म्हणणं असं की “चटणी यांची, कौतुक यांचं, पसारा माझा.” त्यांचं खोटं नव्हतं. सर पुसायला घेत तेव्हा तिखट भिंतीपर्यंत जाई.

या चटणीचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. माझे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. ते आजारी पडून दवाखान्यात होते आणि त्यांची तोंडाची चव पार गेली होती. आई रडकुंडीला आली होती. मी सरांना फक्त रजेचं सांगायला फोन केला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात जाते तो काय, खाटेशेजारच्या स्टुलावर सर बसलेत, हातात डबा, आणि वडील मऊ भातावर शेंगाचटणी घेऊन जेवताहेत! दोघांच्या गप्पा वाफेच्या इंजिनांवर रंगल्या होत्या. वडील घरी येईपर्यंत सर रोज येत राहिले. मी नसताना यायचे, मी येण्याआधी जायचे. आमच्या वस्तीतल्या माणसांना वडील पुढे कितीतरी दिवस सांगायचे, “सुनंदाच्या ओळखीचे एक चटणीवाले मास्तर आहेत, देवमाणूस.” मास्तर म्हणजे कोण हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते मलाच रागावले, “आधी का नाही बोललीस? मी त्यांच्याकडून पाय चेपून घेतले की गं!”

असं सगळं चाललं होतं. सर निवृत्त झाले, आम्ही त्यांच्या जागांवर आलो, गच्चीवरचा थवा तसाच उडत राहिला. आणि मग सरांना खोकला सुरू झाला.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. धूळ, हवा, वय, सगळी कारणं झाली. पण पुढे गच्चीचा जिना चढताना सर मध्येच थांबू लागले. बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घेऊ लागले. ज्यांची वाक्यं परिच्छेदभर लांब असायची, त्यांचं असं व्हावं! काकूंनी धरून-बांधून छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. औषधं झाली, तपासण्या झाल्या, गुण येईना. महिन्यांमागून महिने गेले. शेवटी एका खेपेला काकूंनी मला सोबत धाडलं. डॉक्टरांनी फोटो बघितले आणि म्हणाले, “सर, मी पहिल्या दिवशीही विचारलं होतं, पुन्हा विचारतो. घरात पक्षी आहेत का?”

“घरात नाहीत,” सर म्हणाले.

मी खुर्चीतून उठलेच. “घरात नाहीत, पण गच्चीवर ढाबळ आहे डॉक्टर! भरलेली!”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सर शांतपणे म्हणाले, “तुम्ही घराविषयी विचारलंत.” विचारलं तेवढंच सांगायचं, साक्षीदाराने पदरचं घालायचं नाही, हे आम्हाला वर्गात शिकवणारे सर! मी तिथेच भांडले. डॉक्टरांसमोर, नर्ससमोर, पदवी, वय, मान, सगळं विसरून भांडले. “सर, हा काय शिलालेख आहे का? तुमची फुप्फुसं आहेत ती!” सर मान खाली घालून ऐकत राहिले. विचारलेलं त्यांना नीट समजलं होतं, आणि उत्तर दिलं तर काय होणार हेही समजलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ श्वासातून जाऊन सरांची फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. झालेलं नुकसान भरून येणार नव्हतं. पाखरांपासून आत्ताच दूर झाले तर आहे तेवढा श्वास टिकेल. नाही तर नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं नळकांडं, आणि तेही फार दिवस नाही.

मग सुरू झाली पाखरांची पाठवणी. आधी बाबूभाई आपल्या ढाबळीत घेऊन गेले. संध्याकाळी सोडली, आणि सगळी परत सरांच्या गच्चीवर हजर. बाबूभाई म्हणाले, “मैं बोला था जी. कबूतर कू नया पत्ता कैसा देते? वो क्या पोष्टमन है?” मग माझ्या एका विद्यार्थ्याच्या, दत्ताच्या मळ्यात पाठवायचं ठरलं. दत्ता मोडनिंबचा. टोपल्या जीपमध्ये घालून आम्ही स्वतः पोचवून आलो. दत्ताच्या आईने हौसेने खुराडं सारवून ठेवलं होतं. दोन दिवसांनी सकाळी त्यांचा फोन, आवाज रडवेला. “मॅडम, दार उघडलं आन् पाखरं गेली की वो! कुटं गेली कायबी कळंना. तुमच्या सरांना काय त्वांड दावू आता मी?” मी त्यांची समजूत घालते आहे तोवर दुसऱ्या मोबाइलवर काकूंचा फोन आला, “अगं, आली गं मेली सगळी! माझ्या पापडांवर बसलीत.”

पुढे कळलं की सर ही पाखरं पूर्वी मोडनिंबहूनच शर्यतीला सोडायचे! रस्ता त्यांना पाठ होता. “सर, तुम्हाला ठाऊक होतं ना?” मी विचारलं. सर म्हणाले, “मला कुणी विचारलं नाही.” आता मात्र मी हसले नाही. मला रडू आलं.

तिसऱ्या खेपेला अकलूज. सरांचे एक जुने विद्यार्थी तिथे दूध डेअरीत आहेत. त्यांनी महिनाभर पाखरं कोंडून ठेवली, उत्तम दाणा घातला, नवी जागा सवयीची होऊ दिली. मग सोडली. पुन्हा सगळी सोलापुरात. एक जोडी तेवढी मागे राहिली, कारण तिथे तिला पिल्लं झाली होती.

इकडे सर दिवसेंदिवस खंगत होते. पाखरं परत आली की त्यांना पाणी कोण ठेवणार? काकूंनी जिन्याच्या दाराला कुलूप लावलं, तर एका दुपारी सर शेजारच्यांच्या गच्चीवरून आपल्या गच्चीवर जाताना सापडले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, तोंडाला रुमाल बांधलेले, धापा टाकत कठड्यावर पाय टाकलेले सर! काकूंनी कधी नव्हे ते शब्द उच्चारले, “त्या पाखरांना विष तरी घाला, नाही तर मला.” त्या बोलल्या आणि खाली येऊन माझ्या गळ्यात पडून रडल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला आणि बाबूभाईंना बोलावलं. आधी पुस्तकांची व्यवस्था सांगितली. पाखरांची धूळ त्यांच्यावरही बसलेली, म्हणून सगळी पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यायची, चांगली झटकून. आयुष्यभर पोटाला चिमटा घेऊन जमवलेली ती पुस्तकं. मी म्हटलं, “सर, सगळी?” म्हणाले, “सगळी. पुस्तकांचं बरं असतं, ठेवाल तिथं राहतात.” मग बाबूभाईंकडे वळून म्हणाले, “तुमचा धाकटा लग्नाचा झाला, जागा पुरत नाही म्हणत होता ना? या घरात येऊन राहा. भाडं नको. गच्ची मात्र सांभाळा.”

“और तुम सरजी?”

“पाखरं घर सोडत नाहीत. तीन वेळा पाहिलं. मग आता मीच सोडतो.”

त्या घरात सर जन्मले होते. आईवडील तिथेच गेले. काकूंनी माप ओलांडलं ते त्याच उंबऱ्यावरचं. बाबूभाई सरांचा हात धरून बसून राहिले. काकू आत जाऊन बॅगा शोधू लागल्या, जणू सर मन बदलतील अशी त्यांना भीती वाटत होती.

आज सर आणि काकू जुळे सोलापूर या नव्या वस्तीत चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. नोकरीसाठी बाहेरगावी असलेल्या त्यांच्या मुलाने पूर्वी घेऊन ठेवलेला तो फ्लॅट. सरांचा श्वास बराच सावरला आहे. वाक्यं पुन्हा लांब होऊ लागली आहेत, आणि आम्ही पुन्हा त्यात वाट चुकू लागलो आहोत. उखळ सोबत आणलं आहे, पण खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात म्हणून रविवारी सर ते पार्किंगमध्ये घेऊन बसतात, आणि मग निम्मी सोसायटी वाटी घेऊन उभी असते. संध्याकाळी बाबूभाईंचा फोन येतो, “सरजी, छोडा!” सर बंद काचेमागे खुर्ची टाकून गावाच्या दिशेला बघत बसतात. इतक्या लांबून काय दिसणार? मी शेजारी बसून डोळे ताणून बघितलं आहे, मला तरी आभाळाशिवाय काही दिसलेलं नाही. सर मात्र सांगतात, आज थवा उंच आहे, आज पश्चिमेला वळला. मी हो म्हणते.

गेल्या महिन्यात या ग्रंथासाठी माहिती विचारायला मी तिथे गेले होते. चहा झाला होता. तेवढ्यात बाल्कनीच्या कठड्यावर फडफड झाली. एक पाखरू. अंगाने राखाडी, एका पंखावर पांढरा पट्टा. सर उभे राहिले. त्यांनी त्याला नावाने हाक मारली, अगदी हळू, कन्नडमध्ये. पाखरू कठड्यावरून पुढे आलं आणि काचेपाशी येऊन थांबलं. ते तिथे कसं आलं, का आलं, मला माहीत नाही. सरांना मागाहून विचारलं तर “थकलं असेल” एवढंच म्हणाले.

काचेच्या दाराची कडी सरांच्या हाताशी होती. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, मी खुर्चीत. सरांचा हात कडीवर गेला. तिथेच राहिला. मग त्याच हाताची मूठ वळून सरांनी काचेवर जोरात ठोकली, एकदा, दोनदा. “होगु!” ते ओरडले. जा! “मनिगे होगु!” घरी जा! सरांचा तेवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पाखरू दचकून उडालं. सर काचेला कपाळ टेकून उभे राहिले. काकूंनी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने फोन वाजला, बाबूभाई सांगत होते, “सरजी, पट्टेवाला थोडा लेट आया आज, पन आ गया.” सर म्हणाले, “हो, कळलं,” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “हं सुनंदाबाई, काय विचारत होता?”

मी वही मिटून ठेवली. ज्यांना दीर्घायुष्य चिंतायचं, त्यांनी ते त्या दिवशी माझ्यासमोर स्वतःच्या हाताने मिळवलं होतं. सर, आम्हा सगळ्यांच्या वतीने एवढंच मागणं आहे. काकूंसह निरोगी राहा, शंभरी गाठा, पुरता श्वास घेऊन आम्हाला रागवा. आणि ती कडी, सर, कृपा करून, अशीच लावलेली असू द्या.